मोठ्या मैदानासाठी झिरो-टर्न मूव्हर घेताय? आधी या चुका टाळा

आठवडाभराची झड उघडते. मैदानावरची हरळी घोटा बुडेल एवढी वाढलेली असते आणि नवं कोरं झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचं आणि जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन, पहिल्यांदाच पावसाळी गवतात उतरतं. शे-दीडशे मीटर जातं न जातं तोच डेकखालून, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखालून, ओल्या गवताचे गोळे पडू लागतात, इंजिनाचा आवाज दबतो आणि मागे वळून पाहिलं तर कापलेल्या पट्ट्यात उभ्या शेंड्यांच्या रेघा. मग डीलरला फोन, वॉरंटीची वादावादी, मनस्ताप. अशा बहुतेक प्रकरणांचं मूळ खरेदीच्या दिवशी सापडतं. मशीन शोरूममध्ये पाहून घेतलेलं असतं आणि मैदान कुणी मोजलेलं नसतं.

कॉलेजचं क्रीडांगण, कारखान्याचा परिसर, टाउनशिप, रिसॉर्ट, गोल्फ क्लबचा रफ (खेळाच्या पट्ट्यांबाहेरचं वाढू दिलेलं गवत) अशा दोन एकरांच्या पुढच्या मोकळ्या जागा सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, कारण पुढचे निम्मे दोष तिच्यातूनच निघतात. झिरो-टर्नला स्टिअरिंग नसतं. मागच्या दोन चाकांना प्रत्येकी एक हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारी) पंप-मोटर, थोडक्यात ‘हायड्रो’, असते आणि दोन दांड्यांनी ती चाकं वेगवेगळी चालवायची असतात. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. म्हणजे वळणं, थांबणं, उतारावर धरून राहणं, सगळं मागच्या दोन टायरांच्या पकडीवर अवलंबून आहे. पकड सुटली की तिन्ही गोष्टी एकदम जातात.

गवत न ओळखता मशीन ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. झिरो-टर्नचं पातं आडवं फिरतं, पंख्यासारखी हवा वर ओढतं, गवत उभं करतं आणि मग उडवतं. कापणीची उंची साधारण २५ ते १२५ मि.मी. एवढीच बदलता येते. त्याच्या खाली जायचं असेल, म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी किंवा गोल्फचं ग्रीन असेल, तर सिलिंडर मशीनच (फिरत्या रुळावर पाती असलेलं) लागतं. तिथे झिरो-टर्न उतरवलं तर गवताची साल निघते. मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट लॉनची गादी जाड आणि उंचसखल झालेली असेल तर तिच्यावरही हाच प्रकार होतो. उंचवट्यावर पिवळे चट्टे, खळग्यात न कापलेलं गवत.

दुसऱ्या टोकाला रान माजलेली जागा. दसऱ्याच्या सुमाराला गुडघाभर कुसळी गवत आणि गाजर गवत उभं असेल तर ते झिरो-टर्नचं काम नाही. वीतभराच्या वर गेलेलं गवत आधी ब्रश कटरने किंवा ट्रॅक्टरच्या स्लॅशरने खाली आणा, चार-पाच दिवस जाऊ द्या आणि मग मशीन घाला. वर्षातून दोन-तीनदाच कापायची जागा असेल तर झिरो-टर्न घेऊच नका. त्याच पैशात ट्रॅक्टरला चांगला स्लॅशर बसतो आणि पैसे उरतात.

मधलं जे उरतं, म्हणजे नियमित राखलेली हरळी, सिलेक्शन वन, पास्पालम आणि त्यात मिसळलेला लव्हाळा, त्यासाठी हे मशीन उत्तम आहे. मात्र हिशोब पावसाळ्याचा धरा. एका कापणीत पानाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये. ४० मि.मी.वर मैदान ठेवायचं असेल तर गवत ६० मि.मी.ला पोचायच्या आत मशीन फिरलं पाहिजे. उन्हाळ्यात यासाठी दहा-पंधरा दिवस मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच दिवसही मिळत नाहीत, आणि त्यातले दोन पावसात जातात. उरलेल्या दोन-तीन कोरड्या दिवसांत पूर्ण मैदान व्हायला हवं. मशीनची क्षमता या हिशोबावर ठरवा.

‘डेक जितका रुंद तितकं काम झटपट’

कागदावर हे बरोबर आहे. रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून १००० ने गुणलं की तासाला किती चौरस मीटर ते मिळतं. वळणं, दोन पट्ट्यांचा एकमेकांवर येणारा भाग आणि झाडांभोवतीचे वळसे धरून त्यातले ७५ टक्केच खरे माना. १० एकर आणि ताशी ९ कि.मी. धरलं तर ५४ इंची डेकला साडेचार तासांच्या आत-बाहेर, ६० इंचीला चार तास आणि ७२ इंचीला सव्वातीन तास लागतात. ५४ आणि ७२ मध्ये फरक तासाभराचा. तेवढ्यासाठी जड मशीन, मोठं इंजिन आणि महाग पाती घ्यायची का, हे मैदानाच्या आकारावरून ठरवा. अंदाजासाठी, ७० मीटर त्रिज्येचं क्रिकेटचं मैदान पावणेचार एकरांच्या थोडंसं वर भरतं आणि १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान पावणेदोन एकर. एवढ्याच जागेसाठी ७२ इंची घेण्याची फार गरज नसते.

रुंद डेकची खरी अडचण समतलपणाची. दीड-पावणेदोन मीटरचा ताठ डेक खळग्या-उंचवट्यांवरून जाताना मध्येच टेकतो. जमीन फरशीसारखी सपाट नसेल तर ५२-५४ इंची मशीन जास्त देखणं कापतं. आमचं मत स्पष्ट आहे: मैदानाची लेव्हल काढलेली नसेल आणि जागा १२-१५ एकरांच्या आत असेल तर ६० इंचाच्या पुढे जाऊ नका.

फाटकं मोजायला विसरू नका. ६० इंची डेक म्हणजे मशीन ६० इंच रुंद नव्हे. बाजूची गवत फेकणारी झडप खाली असताना एकूण रुंदी साधारण ७४ इंच, म्हणजे १.९ मीटर होते. झडप वर केली तरी ६२-६३ इंच राहतेच. पाच फुटी फाटकातून ते जाणार नाही. झडप वर बांधून ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. पात्याचं टोक सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास वेगाने फिरतं, म्हणजे ताशी सव्वातीनशे कि.मी. मुरमाचा खडा त्या वेगाने बाहेर पडला तर समोरच्या माणसाचा डोळा जातो. झडप दोरीने बांधलेली दिसली तर काम तिथेच थांबवा.

फक्त एचपी विचारणं

२५ एचपी की २७, यावर तासभर घासाघीस होते आणि जे खरं झिजतं त्याबद्दल प्रश्नच येत नाही. इंजिनासाठी सीसी आणि मालिका विचारा. कावासाकी एफएक्स, कोहलर कमांड प्रो, व्हॅनगार्ड या रोजच्या कामाच्या मालिका आहेत. त्याच कंपन्यांची घरगुती इंजिनंही त्याच आकड्याची एचपी दाखवतात, पण त्यांचे एअर फिल्टर साधे असतात. आपल्याकडे डिसेंबर ते मे मैदानावर धूळच असते. डब्यासारखा दुहेरी एअर फिल्टर नसेल तर ते मशीन कमर्शियल म्हणून घेऊ नका.

हायड्रोची फसवणूक याहून लपलेली असते. हायड्रो-गिअरच्या युनिटांचं उदाहरण घ्या: झेडटी-२२०० घरगुती कामाचं, ३१०० मध्यम, ३४०० आणि ५४०० दिवसभर राबणाऱ्या मशीनसाठी. बाहेरून दोन मशीन सारखी दिसतात, रंग तोच, सीट तीच. फरक मागच्या चाकाजवळच्या त्या ओतीव डब्यावर लिहिलेला असतो. कोटेशनमध्ये हा मॉडेल क्रमांक लिहून मागा. दुसरी खूण तेलाची आहे. ज्या हायड्रोचं तेल आणि फिल्टर बदलता येतो तीच दीर्घकाळ चालते. ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणून बंद दिलेलं युनिट रोज पाच तासांच्या कामाला घेऊ नका.

डेकचा पत्रा ७ किंवा १० गेजचा, वेल्डिंग करून बनवलेला हवा. गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड हे फॅब्रिकेशनवाल्याला सांगावं लागत नाही. ७ गेज म्हणजे साडेचार मि.मी., १० गेज म्हणजे सुमारे ३.४. साच्यात दाबून काढलेला पातळ डेक दगड लागला की दबतो आणि पुन्हा सरळ होत नाही. स्पिंडलला (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याला) ग्रीसचं निप्पल आहे का आणि डेक न उघडता ग्रीस गन तिथवर पोचते का, तेही वाकून पाहा. पोचत नसेल तर कुणीही ग्रीस मारणार नाही, हे गृहीत धरा.

इंधनाचा प्रश्न न विचारणं

हा मुद्दा भारतातल्या खरेदीदारासाठी आज सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि माहितीपत्रकात तो सापडत नाही. देशात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता पंपावर साधारण तेच मिळतं. बाहेरून येणाऱ्या बहुतेक एअर-कूल्ड पेट्रोल इंजिनांच्या पुस्तिकेत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. कार्बोरेटरच्या इंजिनात इथेनॉल वाढलं की मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), इंजिन तापतं, जुन्या प्रकारचे रबरी पाइप आणि गास्केट फुगतात. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणात किंवा गोव्यात अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात तीन आठवडे उभी राहिली, तर सुरू होण्यास नकार देणारं इंजिन आणि कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पांढरट-हिरवा साका, हे ठरलेलं.

म्हणून डीलरकडून लेखी घ्या: हे इंजिन ई-२० वर चालवलं तर वॉरंटी राहील का? तोंडी ‘काही होत नाही साहेब’ चालणार नाही. लेखी मिळत नसेल तर डिझेलचा विचार करा. कुबोटाची झेडडी मालिका हे त्याचं माहितीतलं उदाहरण. डिझेल मशीन महाग आणि जड असतं, पण गावोगावचा ट्रॅक्टरचा मिस्त्री त्याला हात लावू शकतो. पेट्रोलच घेतलं असेल तर दोन आठवड्यांपुरतंच पेट्रोल भरा, आणि मशीन उभं करायच्या आधी इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. २५ एचपीचं पेट्रोल इंजिन भरल्या गवतात तासाला साडेचार ते सहा लिटर पितं. वर्षाचा खर्च या आकड्यावर काढा.

बॅटरीवरच्या मशीनबद्दल थोडक्यात: हॉस्पिटल, हॉटेल अशा शांततेच्या जागी ती योग्य आहेत. मात्र एका चार्जमध्ये किती एकर, हे पावसाळी गवतात मोजून घ्या.

उतार डोळ्यांनी मोजणं

बहुतेक झिरो-टर्नची मर्यादा १० ते १५ अंशांची असते. डोळ्यांना १५ अंश मामुली वाटतात. मोजायला एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ पुरते. फळीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवा, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि त्या टोकाखालची उंची टेपने मोजा. १८ सें.मी. भरले तर १० अंश, २७ सें.मी. भरले तर १५. त्यापुढे मशीन न्यायचं नाही. मैदानाच्या कडेचे बंधारे आणि तळ्याचे काठ असेच मोजा, आणि काठापासून मशीनच्या दुप्पट रुंदीएवढी पट्टी हातमशीनसाठी सोडा. ओलं गवत असेल तर मर्यादेच्या आतला उतारही टाळा.

रोल बार (मशीन उलटलं तर चालकाला वाचवणारी सीटमागची कमान) उभा असेल तेव्हा सीट बेल्ट लावायचाच, आणि झाडाखालून जायला तो दुमडला असेल तेव्हा बेल्ट सोडायचा. हे उलटं झालं तर माणूस मशीनखाली येतो.

काळ्या जमिनीचं आणखी एक. ६० इंची कमर्शियल मशीन साडेपाचशे ते पावणेसातशे किलोंचं असतं. पाऊस उघडल्यावर टाच दाबून पाहा. टाचेच्या खड्ड्यात पाणी येत असेल तर त्या दिवशी मशीन बाहेर काढू नका. चाकोऱ्या पडल्या की त्या उन्हाळ्यात दगडासारख्या होतात आणि पुढच्या वर्षभर डेक त्यावर आपटत राहतो.

डेमो चुकीच्या जागी घेणं

शोरूमसमोरच्या कोरड्या लॉनवर प्रत्येक मशीन सुंदर कापतं. डेमो तुमच्या मैदानावर, तुमच्या रोजच्या चालकाकडून आणि किमान ४५ मिनिटं घ्या. हायड्रो थंड असताना सगळीच ताकदवान असतात. तेल तापल्यावर चढावर वेग पडतो का, ते शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. जुनं मशीन घेत असाल तर ही चाचणी सोडूच नका. शिवाय इंजिन बंद करून, किल्ली काढून, प्रत्येक पातं टोकाला धरून वर-खाली हलवा. खटखट जाणवली तर स्पिंडलचं बेअरिंग गेलेलं आहे.

मशीन आल्यावर: दोष कुठे शोधायचा

एका बाजूला खाली, एका बाजूला वर असं पायरीसारखं कापलं जात असेल तर लोक लगेच डेकचे बोल्ट फिरवतात. आधी टायरची हवा पाहा. मागच्या चाकांना साधारण १० ते १४ पीएसआय आणि दोन्हींत अगदी सारखी हवी. मग सपाट फरशीवर मशीन उभं करा, किल्ली काढा, प्लगच्या वायरी सोडवा, जाड हातमोजे घाला. पातं आडवं करून टोकापासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा. तेच पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणा आणि पुन्हा मोजा. दोन मापांत ३ मि.मी.हून जास्त फरक आला तर पातं वाकलेलं आहे. नवं पातं लावूनही फरक राहिला तर स्पिंडल वाकलेला आहे. हे दोन्ही ठीक निघाले तरच डेकला हात लावा. डावी-उजवी बाजू ३ मि.मी.च्या आत सारखी आणि पुढची कड मागच्यापेक्षा ३ ते ६ मि.मी. खाली ठेवा. पुढची कड वर राहिली तर गवत दोनदा कापलं जातं आणि इंजिनावर उगाच भार येतो.

कापल्यावर दुसऱ्या दिवशी मैदान पांढरट-तपकिरी दिसतंय? एक पान उपटून शेंडा बोटावर धरा. सरळ कापलेलं असेल तर पातं ठीक आहे. सुताच्या टोकासारखे धागे निघालेले असतील तर पातं बोथट झालं आहे. दर आठ-दहा तासांनी, सुमारे ३० अंशांच्या धारेवर घासा, मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून तोल पाहा. पात्याच्या मागचा वर वळलेला पंखा मातीने झिजून पातळ झाला असेल तर ते फेकून द्या. तो तुकडा तुटून उडतो. धुळीच्या दिवसांत कमी पंख्याची पाती लावा, ती माती कमी उचलतात. जास्त पंख्याची पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

मध्ये उभ्या रेघा राहत असतील तर कारण बहुधा वेगाचं. थ्रॉटल पूर्ण नसतो, किंवा मशीन गवताच्या मानाने जोरात पळत असतं. कापताना इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, साधारण ३६०० आरपीएमवर हवं. वेग दांड्यांनी कमी करायचा. पाती मात्र अर्ध्या थ्रॉटलवर जोडा, नाहीतर पाती इंजिनाला जोडणारा क्लच झिजतो. क्लच घसरत असेल तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फट तपासा. बऱ्याच क्लचमध्ये ती ०.४ मि.मी.च्या आसपास असते, आणि झीज झाली की वाढते.

वळणाच्या जागी गवत गोल सोलून निघतं तो दोष चालकाचा. एक चाक जागच्या जागी थांबवून त्यावर मशीन फिरवलं की ते चाक गवत मुळासकट पिळतं. वळताना दोन्ही चाकं फिरती ठेवा, किंवा थोडं मागे घेऊन तीन टप्प्यांत वळा.

मशीन एका बाजूला ओढतंय तर पुन्हा टायरची हवाच आधी; मग दांड्याचा ट्रॅकिंग बोल्ट, म्हणजे दोन्ही चाकांचा वेग जुळवणारा बोल्ट. मशीन जागचं हलतच नाही, तर ढकलण्यासाठी असलेले हायड्रोचे बायपास दांडे उघडे राहिलेत का ते पाहा. टेम्पोतून उतरवताना उघडतात आणि तसेच राहतात. तेल बदलल्यावर ओढ कमी झाली असेल तर आत हवा आहे. मागची चाकं स्टँडवर उचला, बायपास उघडा, इंजिन हळू चालू ठेवून दांडे सावकाश पाच-सहा वेळा पुढे-मागे करा. मग बायपास बंद करून तेच पुन्हा करा आणि तेलाची पातळी भरा. तेल बहुतेक वेळा २०डब्ल्यू-५० लागतं. पहिला बदल ७५ ते १०० तासांनी, नंतरचे पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे.

दांडे आत घेतले की इंजिन बंद पडतं? पार्किंग ब्रेक लागलेला आहे. ब्रेक सुटलेला असूनही पडत असेल तर सीटखालचा स्विच आणि त्याची वायर पाहा, उंदीर कुरतडतात. ती वायर थेट जोडून काम भागवू नका. चालक खाली पडला तर पाती थांबवणारी तीच एक वायर आहे.

सुट्या भागांची तजवीज पाऊस सुरू झाल्यावर करणं

मे महिन्यातच फडताळात एवढं हवं: पात्यांचे तीन संच, डेकचा एक पट्टा, हायड्रोचा एक पट्टा, एक आयडलर पुली (पट्टा ताणून धरणारी), एक पूर्ण स्पिंडल, एअर आणि इंधन फिल्टर, फ्यूज. बाहेरून मागवायचा भाग जुलैत तुटला तर तो येईपर्यंत गवत वीतभर होतं. पट्टा बाजारातून जुळवून आणायचा मोह होतो, पण साधा बी-सेक्शनचा पट्टा क्लच जोडतानाचा झटका सोसत नाही. मूव्हरच्या पट्ट्यात अरामिड या चिवट तंतूचा दोर असतो. आणि माप तुटलेल्या पट्ट्यावरून घेऊ नका, तो ताणून लांबलेला असतो. पार्ट नंबर पुस्तिकेतून उतरवून डेकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा.